सार्वजनिक आरोग्यसेवेतील खासगी सहभाग : करार कोणाच्या हिताचा?

आंध्र प्रदेश मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतलेल्या एका निर्णयामुळे देशातील एक जुना वाद नव्याने ऐरणीवर आला. राज्यात आधीच्या सरकारने हाती घेतलेल्या १७ नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी १० महाविद्यालये सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या तत्त्वावर विकसित करण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पहिल्या टप्प्यात अदोनी, मदनपल्ले, मार्कापुरम आणि पुलिवेंदुला या चार ठिकाणांचा समावेश करण्यात आला. शासकीय तिजोरीतून ही सर्व महाविद्यालये पूर्ण करण्यास कित्येक वर्षे लागतील, खासगी गुंतवणुकीमुळे ती लवकर उभी राहतील आणि गरीब रुग्णांना विनामूल्य उपचार मिळतच राहतील, अशी भूमिका राज्य सरकारने मांडली. जनतेच्या जमिनीवर, जनतेच्या पैशाने सुरू झालेल्या संस्था खासगी हाती सोपविल्या जात असल्याचा आरोप करीत वायएसआर काँग्रेस पक्षाने त्याविरुद्ध राज्यभर सह्यांची मोहीम उघडली.

वादाचे राजकीय अंग बाजूला ठेवले, तरी त्यातून उपस्थित होणारा प्रश्न एका राज्यापुरता मर्यादित नाही. मुंबई महानगरपालिकेने काही उपनगरीय रुग्णालये खासगी सहभागातून चालविण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा कामगार संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी याच मुद्द्यांवर विरोध नोंदविला. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, राजस्थान या राज्यांतही या ना त्या स्वरूपात हीच चर्चा झाली आहे. ज्या सेवेची जबाबदारी शासनाची आहे, ती खासगी संस्थेकडून करवून घेतल्यास रुग्णाच्या पदरात नेमके काय पडते, हा या चर्चेचा गाभा आहे.

भोर समितीपासून विमा योजनांपर्यंत

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहता कामा नये, हे त्या अहवालाचे मूलतत्त्व होते. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची आजची उतरंड याच आराखड्यातून साकारली. मात्र समितीला अभिप्रेत असलेला निधी आणि मनुष्यबळ या उतरंडीला कधीच मिळाले नाही. हिवताप, देवी, क्षय यांसारख्या रोगांविरुद्धच्या राष्ट्रीय मोहिमांवर शासनाचा भर राहिला. दैनंदिन आजारांवरील उपचाराचे क्षेत्र हळूहळू खासगी दवाखान्यांनी व्यापले.

१९८३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरते. त्या वर्षी देशाचे पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण जाहीर झाले आणि त्यात खासगी वैद्यकीय व्यवसायाला प्रोत्साहन देण्याचा विचार मांडण्यात आला. त्याच वर्षी चेन्नईत अपोलो रुग्णालयाच्या रूपाने कंपनी स्वरूपातील मोठ्या रुग्णालयांचे पर्व सुरू झाले. पुढे २००२ आणि २०१७ या वर्षांच्या धोरणांनी खासगी क्षेत्राला अधिक स्पष्ट स्थान दिले. २०१७ च्या धोरणात तर शासनाने आवश्यक तेथे खासगी रुग्णालयांकडून सेवा खरेदी करावी, अशी संकल्पना आहे. याचा अर्थ, शासन केवळ सेवा पुरविणारे राहणार नाही, तर ते सेवेचे ग्राहकही होईल.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत मोडतात. त्यामुळे केंद्राने धोरण आखले, तरी करार करणारी, देयके चुकविणारी आणि गैरप्रकार घडल्यास कारवाई करणारी यंत्रणा प्रामुख्याने राज्यांचीच असते. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आकडेवारी काय सांगते

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार, २०१७-१८ मध्ये प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ५५ टक्के रुग्ण खासगी रुग्णालयांत गेले, तर सुमारे ४२ टक्के रुग्णांनी शासकीय रुग्णालय गाठले. एका वेळच्या उपचारासाठी शासकीय रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये खर्च आला. ही तफावत सातपटीची आहे. दोन्हीकडील रुग्णांच्या आजारांचे स्वरूप सारखे नसते, हे मान्य केले, तरी सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक कर्जबाजारी होणे आणि न होणे यांतला फरक ठरू शकतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतील चित्र काही प्रमाणात आशादायक आहे. २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भाग नागरिकांनी स्वतःच्या खिशातून केला होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. याच काळात शासनाचा वाटा २८.६ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांपर्यंत वाढला. तथापि, २०२१-२२ हे कोविड महामारीचे वर्ष होते आणि लसीकरणासह त्या काळातील असाधारण खर्चाचा प्रभाव या आकड्यांवर आहे, हे विसरून चालणार नाही. शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या धोरणात होते. महामारीच्या त्या वर्षीदेखील तो १.८४ टक्केच होता.

खासगी सहभागाच्या मागणीमागे हीच निधीची टंचाई असते. परंतु येथे एक मूलभूत बाब स्पष्ट व्हायला हवी. भागीदारीत खासगी संस्था भांडवल आणते, ते परतावा मिळावा म्हणून. हा परतावा शासन देते किंवा रुग्ण देतो. तिसरा मार्ग नाही. म्हणून भागीदारीमुळे शासनाचा खर्च वाचतो असे म्हणण्यापेक्षा, तो पुढील वर्षांवर विभागला जातो किंवा रुग्णांच्या एका गटाकडे सरकतो, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

सहभागाची विविध रूपे

‘खासगी सहभाग’ या एकाच शब्दप्रयोगाखाली परस्परांहून अत्यंत भिन्न व्यवस्था येतात आणि बराचसा वैचारिक गोंधळ त्यामुळेच होतो. रुग्णालयाची स्वच्छता, आहार किंवा धुलाई यांचे कंत्राट देणे ही एक गोष्ट. संपूर्ण जिल्हा रुग्णालय दीर्घ मुदतीच्या कराराने सोपविणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट.

पहिल्या प्रकारात विशिष्ट, मोजता येण्याजोगी सेवा कंत्राटाने दिली जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. २००५ साली हैदराबादेत सुरू झालेला हा प्रयोग पुढे अनेक राज्यांनी स्वीकारला. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह ही सेवा सुरू झाली. दूरध्वनी केव्हा आला, वाहन केव्हा पोहोचले, रुग्ण कोठे दाखल झाला, या सर्व गोष्टींची नोंद होते. त्यामुळे कंत्राटदाराचे काम तपासणे शक्य होते. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही याच जातीचा आहे. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात खासगी संस्था यंत्रे आणि तंत्रज्ञ पुरविते व दारिद्र्यरेषेखालील रुग्णांचे शुल्क शासन भरते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा शहरात खेटे घालावे लागत. जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र सुरू झाल्याने होणारा दिलासा नाकारता येणार नाही.

दुसऱ्या प्रकारात स्वयंसेवी, ना-नफा संस्थांकडे केंद्रे सोपविली जातात. कर्नाटकात करुणा ट्रस्ट या संस्थेने १९९६ पासून गुंबळ्ळी येथील प्राथमिक आरोग्य केंद्र चालविले आणि तो प्रयोग पुढे इतर राज्यांतही नेला. दुर्गम भागात जेथे शासकीय डॉक्टर टिकत नाहीत, तेथे अशा संस्थांचे कार्य मोलाचे ठरते. मात्र त्यामागे विशिष्ट व्यक्तींची निष्ठा असते. निविदा काढून निष्ठा विकत घेता येत नाही, ही या प्रारूपाची मर्यादा आहे.

तिसऱ्या प्रकारात शासन खासगी रुग्णालयांकडून उपचार विकत घेते आणि चौथ्या प्रकारात जमीन किंवा संपूर्ण रुग्णालयच भागीदारीत जाते. खऱ्या वादाचे विषय हे शेवटचे दोन प्रकार आहेत.

गुजरातमधील चिरंजीवी योजनेचा अनुभव

गुजरात सरकारने २००५ च्या अखेरीस पाच जिल्ह्यांत चिरंजीवी योजना सुरू केली आणि नंतर ती राज्यभर नेली. गरीब स्त्रियांची प्रसूती खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रुग्णालयात विनामूल्य व्हावी, हा तिचा हेतू होता. त्यासाठी प्रत्येक १०० प्रसूतींमागे १,७९,५०० रुपये इतकी एकत्रित रक्कम निश्चित करण्यात आली. साधी प्रसूती असो वा शस्त्रक्रिया, दर सारखाच ठेवल्याने अनावश्यक सिझेरियनचा मोह टळेल, असा विचार त्यामागे होता. योजनेची देशात आणि परदेशात प्रशंसा झाली.

तथापि, २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळे चित्र समोर ठेवले. योजनेमुळे संस्थात्मक प्रसूतीच्या प्रमाणात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय वाढ झाल्याचा पुरावा या अभ्यासात आढळला नाही. गुजरातमध्ये रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढतच होती. योजना नसती, तरी ती वाढली असती का, हा प्रश्न आधी विचारलाच गेला नव्हता. योजनेत किती प्रसूती झाल्या, एवढ्याच आकड्यावर यश मोजले गेले.

याच्या तुलनेसाठी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाकडे पाहता येते. २००५ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाने आशा कार्यकर्ती, जननी सुरक्षा योजना आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांचे बळकटीकरण यांवर भर दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील केवळ १८ टक्के प्रसूती शासकीय संस्थांत होत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ६१.९ टक्क्यांवर पोहोचले. शासकीय दवाखान्यांवर लोकांचा विश्वासच उरलेला नाही, हे सर्रास केले जाणारे विधान या एका आकड्याने खोटे ठरते. निधी, मनुष्यबळ आणि घरोघरी पोहोचणारी व्यवस्था मिळाल्यास लोक शासकीय सेवेकडे परततात.

त्याच पाहणीतील आणखी एक आकडा बोलका आहे. २०१९-२१ मध्ये शासकीय संस्थांतील प्रसूतींपैकी १४.३ टक्के सिझेरियन पद्धतीने झाल्या. खासगी संस्थांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. गुंतागुंतीच्या काही प्रसूती खासगी रुग्णालयांकडे वळतात, हे खरे असले, तरी एवढ्या मोठ्या तफावतीचे स्पष्टीकरण केवळ वैद्यकीय कारणांनी देता येत नाही. देयक कसे आकारले जाते, त्यानुसार उपचाराचे स्वरूप बदलते, ही या क्षेत्रातील सर्वांत अवघड वस्तुस्थिती आहे.

विमा योजना : संरक्षण आणि गळती

खासगी रुग्णालयांकडून उपचार विकत घेण्याचा मार्ग राज्यांनीच प्रथम अवलंबिला. कर्नाटकातील यशस्विनी (२००३) आणि आंध्र प्रदेशातील आरोग्यश्री (२००७) या योजनांनंतर २००८ मध्ये केंद्राने ३० हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला आणि पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, या योजनेत सामावून घेण्यात आले.

या योजनेत सहभागी असलेल्या सुमारे ३१ हजार रुग्णालयांपैकी सुमारे १४ हजार खासगी आहेत. शासकीय माहितीनुसार, योजनेतील निम्म्याहून अधिक रुग्ण खासगी रुग्णालयांत दाखल झाले आणि दाव्यांच्या रकमेपैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा या रुग्णालयांकडे गेला. हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार ज्यांच्या स्वप्नातही नव्हते, अशा कुटुंबांना ते मिळाले, ही योजनेची जमेची बाजू होय.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालात, सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नोंदी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेल्या असल्याचे नमूद केले. उपचारादरम्यान मृत्यू झाल्याची नोंद असलेल्या ८८,७६० रुग्णांच्या नावे पुन्हा नव्याने उपचार झाल्याचे २,१४,९२३ दावे आढळल्याचेही या अहवालात म्हटले होते. लाभार्थ्यांची पडताळणी भ्रमणध्वनी क्रमांकावरून होत नसल्याचा खुलासा सरकारने केला. खुलासा मान्य केला, तरी इतक्या विसंगत नोंदी यंत्रणेच्या नजरेतून सुटल्या कशा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

नोंदींतील त्रुटींचे रूपांतर जीवितहानीत कसे होऊ शकते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबाद येथे दिसून आले. खेड्यात भरविलेल्या आरोग्य शिबिरातून १९ जणांना एका खासगी रुग्णालयात आणून त्यांची अँजिओग्राफी करण्यात आली. सात जणांवर अँजिओप्लास्टी झाली आणि त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला. योजनेच्या पैशासाठी अनावश्यक प्रक्रिया केल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. या रुग्णांनी स्वतःच्या खिशातून एक रुपयाही भरलेला नव्हता. पैशाची झळ न लागल्याने त्यांना शंका घेण्याचे कारणही उरले नव्हते. विनामूल्य उपचारात रुग्णाच्या वतीने शंका घेण्याचे काम शासनाने करायचे असते. तेथे शासन कमी पडले.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. दिवसभराच्या कष्टाचा खाडा परवडत नाही, गावातील शासकीय केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही आणि तालुक्याच्या ठिकाणचा खासगी डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ असे सांगतो, या तीन गोष्टी एकत्र आल्या की परिणाम असा होतो. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

खासगी रुग्णालयांचीही एक रास्त तक्रार आहे. योजनेतील दर अनेक उपचारांसाठी अपुरे असल्याचे आणि देयके महिनोन्महिने थकत असल्याचे ती सांगतात. हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये याच कारणास्तव शेकडो रुग्णालयांनी योजनेखालील सेवा थांबविली होती. मोठे रुग्णालय थकबाकी सोसू शकते. तालुक्याच्या गावातील वीस खाटांच्या रुग्णालयाला ते जमत नाही. मग अशी रुग्णालये योजनेतून बाहेर पडतात किंवा रुग्णाकडून ‘वरचे पैसे’ मागू लागतात. दोन्ही परिस्थितींत नुकसान रुग्णाचेच होते.

सवलतीची जमीन, राखीव खाटा

शासनाने जमीन द्यावी आणि त्या बदल्यात खासगी रुग्णालयाने गरिबांसाठी काही खाटा राखून ठेवाव्यात, हा सौदा वरकरणी दोघांच्याही लाभाचा दिसतो. दिल्लीतील इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाचे प्रकरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. दिल्ली सरकारने १५ एकर जमीन नाममात्र भाड्याने दिली आणि प्रकल्पात २६ टक्के भागभांडवल घेतले. एक तृतीयांश खाटा गरिबांना विनामूल्य उपलब्ध करून देण्याची अट होती. तिचे पालन होत नसल्याचा निष्कर्ष दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये काढला आणि २०० खाटा विनामूल्य उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्येही तेथे याच अटीच्या पालनाची विचारणा होत होती. ज्या कराराच्या पालनाचा वाद दोन दशकांनीही मिटत नाही, त्याने गरजू रुग्णाला दिलेले आश्वासन कागदावरच राहते.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांबाबत कायदा आणि योजना दोन्ही अस्तित्वात आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात देणे बंधनकारक आहे. त्यासाठी देयकांच्या एकूण रकमेतील २ टक्के भाग निर्धन रुग्ण निधीत जमा करावा लागतो. आपत्कालीन रुग्णाकडून अनामत रक्कम मागू नये, असेही त्यात अभिप्रेत आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने अनामत रक्कम मागितल्याच्या आणि त्यानंतर गर्भवतीचा मृत्यू झाल्याच्या प्रकरणावरून राज्यभर संताप उसळला. शिधापत्रिका हाती घेऊन आलेल्या नातेवाइकाला कोणत्या खिडकीवर जायचे, कोणता अर्ज भरायचा आणि नकार मिळाल्यास दाद कोणाकडे मागायची, हे ठाऊक नसेल, तर कायद्यातील तरतूद असून नसल्यासारखी ठरते.

या पार्श्वभूमीवर निती आयोगाने २०२० च्या प्रारंभी पुढे आणलेल्या आराखड्याकडे पाहावे लागेल. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जिल्हा रुग्णालये जोडण्याचा हा प्रस्ताव होता. किमान ७५० खाटांच्या अशा रुग्णालयात जवळपास निम्म्या खाटा बाजारभावाच्या आणि उर्वरित नियंत्रित दराच्या असाव्यात, असे त्यात सुचविले होते. बाजारभावाच्या खाटांच्या उत्पन्नातून इतरांचा खर्च भागेल, असे गणित त्यामागे होते. परंतु एकाच छताखाली दोन दरांचे रुग्ण असतील, तर अतिदक्षता विभागातील शेवटची खाट कोणाला मिळेल, याचे उत्तर करारात स्पष्टपणे लिहिलेले हवे. तसे नसेल, तर ते उत्तर हिशेबनीस देईल.

नियमनाची पोकळी

खासगी सहभाग वाढविण्याची गती आणि खासगी क्षेत्राचे नियमन करण्याची गती यांत मोठे अंतर आहे. संसदेने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापना नोंदणी व नियमन कायदा संमत केला. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अनेक राज्यांनी तो स्वीकारला नाही. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच लागू आहे. त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक करण्यात आले. केंद्रीय कायद्याखालील नियमांत उपचारांच्या दरांची कक्षा ठरविण्याची तरतूद असूनही ते दर निश्चित झाले नाहीत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारला धारेवर धरले.

इच्छाशक्ती असल्यास नियमन अशक्य नाही, हे कोविडकाळात दिसले. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रित दराखाली आणल्या. सर्वसाधारण विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागासाठी साडेसात हजार आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९ हजार रुपये असे दर ठरविण्यात आले. देयके तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमण्यात आले. आदेशाचे उल्लंघन झाले, तक्रारीही झाल्या. पण नातेवाइकाच्या हातात दाखविण्यासाठी एक शासकीय कागद होता. महामारी ओसरल्यावर हा कागद नाहीसा झाला.

लसीकरणाचा अनुभवही उद्बोधक आहे. २०२१ मध्ये लसींचा २५ टक्के साठा खासगी रुग्णालयांसाठी खुला ठेवण्यात आला होता. प्रत्यक्षात देण्यात आलेल्या मात्रांमधील त्यांचा वाटा एक अंकी टक्केवारीतच राहिला. देशाच्या कानाकोपऱ्यात लस पोहोचविण्याचे काम अखेर शासकीय आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्तींनीच केले.

शासकीय व्यवस्थेचे दुखणे

याचा अर्थ शासकीय व्यवस्था निर्दोष आहे, असा मुळीच नाही. ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार २०२१-२२ मध्ये सामूहिक आरोग्य केंद्रांत आवश्यक तज्ज्ञ डॉक्टरांच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तूट होती. इमारत आहे, शस्त्रक्रियागृह आहे, पण शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ नाहीत, असे दृश्य सर्वत्र आढळते. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे आणि क्षमतेपेक्षा अधिक रुग्ण यांची चर्चा त्या वेळी देशभर झाली. खासगी सहभागाला विरोध करणाऱ्यांनी या प्रश्नांची उत्तरे देणे टाळले, तर त्यांची भूमिका सामान्य रुग्णाला पटणार नाही. लेकराला घेऊन दारात उभ्या असलेल्या आईला रुग्णालयाची मालकी कोणाची, याच्याशी कर्तव्य नसते. आत डॉक्टर आहे की नाही, एवढेच ती विचारते.

मात्र या दुखण्यांवर भागीदारी हेच औषध आहे, असे मानण्यात तर्कदोष आहे. औषधखरेदीचेच उदाहरण घ्यावे. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळामार्फत औषधखरेदी आणि गोदामांची पद्धतशीर व्यवस्था उभी केली आणि इतर राज्यांनी पुढे तिचा कित्ता गिरवला. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. शासकीय चौकटीतच कारभार सुधारता येतो, याचा हा पुरावा आहे. आणि ज्या शासनाला स्वतःची औषधखरेदी वेळेवर करता येत नाही, ते शासन तीस-तीस वर्षांच्या गुंतागुंतीच्या करारांवर देखरेख कशी ठेवणार, हा प्रश्नही त्यातूनच उद्भवतो. करार राबवून घेण्यासाठी सक्षम शासन लागते. दुबळ्या शासनाला भागीदारी हा पर्याय वाटतो. प्रत्यक्षात भागीदारीसाठीच ते सर्वाधिक असमर्थ असते.

पुढील दिशा

क्षयरोग नियंत्रणातील अनुभव या वादात मार्गदर्शक ठरावा. देशातील मोठ्या संख्येने क्षयरुग्ण खासगी डॉक्टरांकडे जात आणि त्यांची कोठेही नोंद होत नसे. २०१२ मध्ये प्रत्येक रुग्णाची माहिती शासनाला कळविणे सक्तीचे करण्यात आले. मुंबई, पाटणा आणि मेहसाणा येथे खासगी डॉक्टरांना या कार्यक्रमाशी जोडण्याचे प्रयोग झाले. २०१३ मध्ये खासगी क्षेत्राकडून सुमारे ३८ हजार रुग्णांची नोंद झाली होती. २०१९ मध्ये ही संख्या सुमारे ६ लाख ८० हजारांवर गेली. येथे शासनाने रुग्णालय विकले नाही की जबाबदारी झटकली नाही. रुग्ण कोठेही गेला, तरी योग्य औषध मिळेल आणि त्याचा पाठपुरावा होईल, यासाठी यंत्रणा उभी केली. सहभाग खासगी होता, नियंत्रण सार्वजनिक होते.

थायलंडनेही २००२ मध्ये सार्वत्रिक आरोग्य संरक्षण लागू केले, तेव्हा सेवा खरेदीसाठी आरोग्य मंत्रालयापासून वेगळी संस्था स्थापन केली. परंतु त्यापूर्वी त्या देशाने ग्रामीण भागात जिल्हा रुग्णालयांचे भक्कम जाळे विणले होते. खरेदीदाराकडे स्वतःचा पर्याय असेल, तरच त्याला भावही करता येतो आणि नकारही देता येतो.

यावरून काही निकष स्पष्ट होतात. प्राथमिक आरोग्यसेवा, लसीकरण, साथनियंत्रण आणि आपत्कालीन उपचार यांची थेट जबाबदारी शासनाकडेच राहिली पाहिजे. सार्वजनिक आरोग्यखर्चाचा दोन तृतीयांश भाग प्राथमिक सेवेवर व्हावा, ही शिफारस २०१७ च्या धोरणाने आणि १५ व्या वित्त आयोगानेही केली आहे. डायलिसिस किंवा रुग्णवाहिकेसारख्या मोजता येणाऱ्या सेवा कंत्राटाने देण्यास हरकत नसावी, मात्र त्यांचे करार, दर, दंडाची तरतूद आणि कामगिरीचे अहवाल जनतेसमोर खुले असावेत. संपूर्ण रुग्णालय सोपविण्यापूर्वी, करार मोडल्यास ते परत ताब्यात घेऊन चालविण्याची क्षमता शासनाकडे आहे काय, याचे उत्तर विधिमंडळासमोर दिले गेले पाहिजे. आणि नियमनाचा कायदा आधी, भागीदारी नंतर, हा क्रम पाळला गेला पाहिजे.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. आपत्कालीन उपचारांचा मोबदला शासन केव्हा व कसा देणार, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्या आंदोलनात या संपूर्ण वादाचे सार सामावलेले आहे. नागरिकाला हक्क देणारे शासन आणि तो हक्क प्रत्यक्षात उतरविणारे रुग्णालय यांच्यात विश्वासाचा पूल नसेल, तर मधल्या दरीत रुग्णच पडतो.

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हा १९४६ च्या अहवालातील संकल्प आजही अपूर्ण आहे. तो शासकीय रुग्णालयाने पूर्ण केला की खासगी रुग्णालयाने, हा प्रश्न दुय्यम मानता येईल. तो पूर्ण न झाल्यास उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र दुय्यम मानता येणार नाही. ते उत्तरदायित्व कोणत्याही कराराने हस्तांतरित होत नाही. प्रत्येक नव्या भागीदारीवर स्वाक्षरी करताना राज्यकर्त्यांनी ही मर्यादा ओळखली, तर या वादातून काही निष्पन्न झाले, असे म्हणता येईल.